लख्खभाऊंनी टाकी धुतली

हां, तर टाकीचं झाकण उघडलं आणि लख्खभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. आत टोपल्यांमध्ये कापसाचे पांढरेशुभ्र तंतू असायला हवे होते. होती नुसती खळ. चिकट, गचगचीत.

लख्खभाऊ म्हणजे रंगखात्यात धुलाईवर उभा जन्म काढलेला माणूस. धुतलेला पेला पुन्हा विसळल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. बायको म्हणायची, "मलाही विसळूनच घरात घेतलंय यांनी!" कारखान्यानं त्यांना नव्या खात्यात घातलं, तर तिथे पाण्याशीच वैर! कापूस रसायनात असा मुरवायचा, की त्याची पट्टी जखमेवर बसावी आणि पाणी लागताच विरघळावी. म्हणून मुरवणं स्पिरिटात, धुणंही स्पिरिटात. पाण्याचा थेंब जास्त झाला की तंतूंची खळ.

छोट्या भांड्यात जमलं, पण एका घाण्यात तळहाताएवढी पट्टी. त्यातच उकळत्या तेलानं बायकोचा हात कोपरापर्यंत भाजला. साधी पट्टी सोडवताना कातडी सोबत यायची. बिचारी दातांत टॉवेल धरून बसायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तळव्यावर ही नवी पट्टी लावली. सोडवताना वरून पाणी सोडलं आणि पट्टी गेलीसुद्धा!

"झालं?" बायकोला खरंच वाटेना. "मग उरलेल्या हाताला कधी?"

त्यासाठी मोठी टाकी हवी. पण टाकीत ढवळलं की कापसाचे गोळे व्हायचे, बाहेरून चिकट, आत कोरडे ठक्क. शेवटी जाळीच्या टोपल्यांत कापूस सैल पसरून त्यातून रसायन फिरवायचं ठरलं. मालकांनी बजावलं, "हा घाणा शेवटचा. फसला तर टाकी भंगारात."

आदल्या संध्याकाळी लख्खभाऊंना टाकीच्या भिंतीला जुना चिकटा दिसला. हात शिवशिवले. लावली पाण्याची नळी आणि टाकी आरशासारखी केली! तळाच्या खोलगट भागात बादलीभर पाणी राहिलं, ते काही यांच्या ध्यानात आलं नाही. आता खळ पाहताच आलं.

मालक वैतागून म्हणाले, "बघितलंत? मोठ्या टाकीत हे होणं नाही. बोलवा भंगारवाल्याला."

गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. रंगखात्यातली त्यांची जुनी जागाही रिकामीच होती. लख्खभाऊंनी टाकीच्या काठावरचा हात काढला.

"टाकीचा दोष नाही, मालक. काल मी ती पाण्यानं धुतली. मला घरी बसवा हवं तर, पण एक घाणा कोरड्या टाकीत होऊ द्या. दुपारी बायकोची पट्टी सोडवायचीय. मी तिला तोंड कसं दाखवू?"