हिरव्या कागदाची खोली

कारंज्याच्या वेशीबाहेर, कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याला लागून, गोऱ्या साहेबाचा जुना बंगला होता. कारखान्याची विलायती कंपनी गेली, साहेब लोक गेले आणि बंगला गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं विकत घेतला. शेठजींना तिथं मुलींची शाळा काढायची होती. भिंतींचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो आणि चुन्याच्या गिलाव्यात माझा हात बसलेला होता.

हे काम घेतल्याचं मी अब्बांना सांगितलं नाही. अब्बा एके काळी त्याच बंगल्यात खानसामा होते. मी पाळण्यात असतानाची गोष्ट. साहेबाची तीन वर्षांची मुलगी आजारी पडली. पोटात मुरडा, ओकाऱ्या, अंगावर चट्टे. दोन महिन्यांत ती गेली. अकोल्याहून आलेल्या मोठ्या डॉक्टरानं ही लक्षणं विषाची वाटतात असं म्हटलं. पोरीचं खाणं अब्बांच्या हातचं, म्हणून पोलिसांनी त्यांना चार दिवस चौकीवर बसवून ठेवलं. काही सापडलं नाही. सोडून दिलं, पण नोकरी गेली आणि नावही गेलं. लग्नाकार्यात पुलाव शिजवायला ज्यांना मूर्तिजापूरपर्यंत बोलावणं यायचं, त्यांच्या हातचं पाणी प्यायलाही लोक का-कू करायला लागले. अब्बांनी मग मामांकडून कापूस पिंजायची धनुकली घेतली आणि गाद्या भरत आयुष्य काढलं. घरातसुद्धा ते चुलीजवळ बसत नसत. मदरशात पोरं मला जहरवाल्याचा म्हणायची.

बंगल्याच्या चार खोल्या सहज झाल्या. पाचवी, पूर्वेच्या कोपऱ्यातली, अडून बसली. वरून पाहता साधी चुन्याची भिंत. मी पोपडे काढायला गेलो तर चुन्याच्या थराखाली कागद लागला. विलायतेत भिंतींना नक्षीचा कागद चिकटवतात हे ऐकून होतो, पाहिला पहिल्यांदाच. गर्द हिरवा, ओल्या गवतासारखा, त्यावर पांढऱ्या वेली. इतक्या वर्षांनीही रंग विटला नव्हता. नंतरच्या कुण्या साहेबानं त्यावर चुना मारून टाकला होता.

शेठजी म्हणाले, "कागद काढून टाक, पन गिलाव्याले धक्का लागू देऊ नको. गिलावा चांगला हाय."

गरम पाण्यानं भिजवला असता तर कागद सुटला असता, पण खालचा जुना गिलावाही फुगून आला असता. म्हणून मी कोरडाच खरवडायला घेतला. लोखंडी पात्यानं कडा उचलायची आणि ओढायचं. बोटभर तुकडा यायचा आणि फाटायचा. ज्यानं कुणी हा कागद चिकटवला होता त्याची खळ अशी काही जमली होती की कागद आणि गिलावा एकजीव झाले होते. दोन दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. खोलीभर हिरवी धूळ उडत होती. मी तोंडाला फडकं बांधलं, पण उन्हाळ्यात ते किती वेळ टिकणार?

तिसऱ्या दिवशी डोळे चुरचुरायला लागले. नाकाच्या कडांना फोड आले, मानेवर आणि मनगटांवर लाल चट्टे उठले. घरी जेवायला बसलो तर पहिल्याच घासाला ओकारी आली. बायको म्हणाली, "तुमच्या तोंडाले लसनाचा वास येऊन राह्यला. घरात तं लसून नाई. कुठी खाल्ला?"

मी कुठंच खाल्ला नव्हता. दुसऱ्या दिवशी उभं राहवेना, तेव्हा ती मला दवाखान्यात घेऊन गेली.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर नवे होते, नागपूरकडून आलेले. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, तोंड उघडायला लावलं, वास घेतला. मग विचारलं, "काय काम करता?"

मी सांगितलं. "कागदाचा रंग कोणता?" त्यांनी विचारलं. हिरवा, मी म्हटलं. मला औषध देऊन तिथंच झोपवलं आणि शिपायाला बंगल्यावर पाठवून कागदाचे तुकडे मागवले.

दुपारी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. चिमट्यात एक तुकडा धरून पेटवला. तो जळताना तोच वास आला, लसणाचा. मग दुसरा तुकडा त्यांनी काचेच्या नळीत तेजाबात घालून उकळला आणि त्यात तांब्याची घासलेली पट्टी सोडली. थोड्या वेळानं पट्टी बाहेर काढली तर ती काळी पडली होती.

"हा सोमल आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे संखिया म्हणतात ना, तो. पूर्वी हा हिरवा रंग त्यापासून करायचे. तुम्ही तीन दिवस संखिया श्वासातून आत घेत होता."

 मी विचारलं, "लहान पोर या खोलीत झोपत असलं, तर?"

"किती लहान?"

"तीन सालाचं."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी सगळं सांगितलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "तीस वर्षांपूर्वी काय झालं ते मी आज सांगू शकत नाही. पण या कागदात विष आहे, एवढं मी कुणाहीपुढं सांगेन."

मी बाकावर येऊन बसलो. कागदात विष निघालं याचा धक्का तर होताच. पण त्याहून मोठा धक्का मला माझाच बसला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला त्याआधी नवल वाटलं होतं. म्हणजे इतकी वर्षं माझ्याही मनात कुठंतरी शंका होती. ज्यांच्या मांडीवर वाढलो त्या माणसाला मीही पुरतं निर्दोष धरलं नव्हतं. हे मला त्या बाकावर कळलं, आणि बायको शेजारी असूनही मी तिला ते सांगू शकलो नाही.

चार दिवसांनी अंगात थोडी ताकद आली तेव्हा मी अब्बांसमोर बसलो. ते अंगणात गादीला टाके घालत होते. मी बंगल्याचं काम घेतल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली नाही, पण टाके थांबले.

"कोनती खोली?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेची. हिरव्या कागदाची."

त्यांनी सुई गादीत टोचून ठेवली. मग म्हणाले, "मले तिथं घेऊन चाल."

डॉक्टरांनी मला धुळीत जाऊ नको म्हटलं होतं. म्हणून आधी खिडक्या उघड्या टाकून, जमिनीवर पाणी शिंपडून घेतलं. अब्बा त्या फाटकातून तीस वर्षांनी आत आले. खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. अर्ध्या भिंतीवर अजून हिरवा कागद होता.

"मेमसाहेबाच्या पसंतीचा हाय हा," ते म्हणाले. "पेटीतून आला होता, गुंडाळ्या करून. पोरीले वेली आवडतीन म्हने."

मी म्हणालो, "अब्बा, हा निघता निघत नाई. कोनं चिकटवला असंल त्यानं..."

"खळ मी शिजवली होती," अब्बा म्हणाले.

भिंतीकडे बघत ते सांगू लागले.

"पावसाळ्यात भिंतीले ओल येते, कागद सुटंल असं मेमसाहेब म्हने. म्या गव्हाच्या पिठात बाभळीचा डिंक घातला. तीन पातेले खळ. माह्याच चुलीवर."

मग ते खिडकीखालच्या कोपऱ्याकडे गेले. तिथं जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीचा एक पट्टा मी पाहिला होता. त्यात कागदच नव्हता, चुना थेट गिलाव्यावर बसला होता. मला वाटलं होतं, ओलीनं गळला असेल. अब्बा त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"इथं तिचा पलंग होता," ते म्हणाले. "निजत नसली का नखानं कागद सोलत बसे. तोंडात घाले. आया तिच्यावर रागवे. म्या म्हनलं, राहू दे ना वं, लेकरू हाय, कागदानं काय होते."

त्यांनी भिंतीला हात लावायला पुढं केला. मी तो धरला.  मी घाईघाईनं म्हणालो, "खळीत काई नव्हतं अब्बा. जहर रंगात होतं. डाक्तर सोता सांगून राह्यले."

"मले समजलं ते," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. मी त्यांना बातमी द्यायला गेलो होतो की तुमच्यावरचा डाग गेला. त्यांना त्या जागी बसल्यावर फक्त ती पोर दिसत होती.

डॉक्टर शब्दाला जागले. शुक्रवारी नमाज झाल्यावर ते मशिदीबाहेर येऊन थांबले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी कागद, रंग, काळी पडलेली पट्टी सगळं समजावून सांगितलं. काही म्हातारे खाली मान घालून ऐकत होते. एकानं येऊन अब्बांचे दोन्ही हात धरले. दुसरा एक जाता जाता म्हणाला, "असंन बाप्पा," आणि निघून गेला. त्याच्या मनातलं काढता आलं नाही.

मला वाटलं इथं संपलं. पण दुसऱ्या दिवशी अब्बा एकटेच दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले की मेमसाहेबाला इंग्रजीत पत्र लिहून द्या. डॉक्टरांना वाटलं, माफी मागवायची असेल. अब्बा म्हणाले, "माह्याबद्दल काई लिहू नका. फक्त कागदाचं लिहा. पेटीत गुंडाळ्या उरल्या होत्या, त्या संग घेऊन गेली ती. दुसऱ्या कोन्या लेकराच्या खोलीत लावल्या असतीन."

डॉक्टरांनी हे मला नंतर सांगितलं. पत्र त्यांनी कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवलं. दुसरा पत्ता कुणाकडेच नव्हता.

उरलेला कागद मी ओला करून काढला. गिलावा गेला तर जाऊ दे, असं शेठजीच म्हणाले. सगळा चिखल आवाराबाहेर खोल खड्ड्यात पुरला, भिंत विटांपर्यंत उघडी केली आणि नव्यानं गिलावा चढवला. ते काम होईपर्यंत अब्बा रोज येऊन ओट्यावर बसत. दसऱ्यानंतर शाळा भरली.

अब्बा पाच-सहा महिने टपालवाल्याला वाटेत थांबवून पत्राच्या उत्तराचं विचारत असत. आमच्या नावानं कधी टपाल येत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी तो थैलीत हात घालून पाहिल्यासारखं करायचा आणि "आज नाई चाचा" म्हणायचा. उत्तर आलं नाही. मेमसाहेब जिवंत होती की नव्हती, पत्र पोचलं की रद्दीत गेलं, काहीच कळलं नाही.