तिच्यावर हात ठेवा

आडी या तमिळ महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळी दहा. हजर: तिरुचीहून येणाऱ्या आमच्या प्रशिक्षक, इथल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेल्या एक निवृत्त शिक्षिका, कॉलेजातला एक समुपदेशक आणि मी.

त्या दिवशी माझी पाळी होती. ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिसच्या समुपदेशन-प्रमाणपत्रासाठी तोंडी परीक्षेत आपल्या बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकवावं लागतं, सोबत लेखी प्रत. मी एका आईबरोबरच्या बैठकीचा तुकडा तिच्या परवानगीनं निवडला होता. तिला सात वर्षांची मुलगी. प्रती चार, प्रत्येक ओळीला क्रमांक.

"पानं इतकी स्वच्छ की परीक्षक जेवायलाच बसतील," समुपदेशक म्हणाला.

रेकॉर्डिंगमध्ये आई म्हणते, "मी तिच्यावर हात ठेवते. मग तीही गप्प, मीही गप्प." समासात मी लिहिलं होतं: स्ट्रोक, प्रेमाचा. माणसानं माणसाची घेतलेली दखल, तिला आमच्यात स्ट्रोक म्हणतात. त्यातला पहिला म्हणजे स्पर्श. पुढे माझा आवाज: "मग रोज ठेवा. चुकवू नका."

शिक्षिकाबाईंनी यंत्र बंद केलं. "अहो, हे काय सांगून बसलात? आमच्या इथल्या मराठीत हात ठेवणं म्हणजे मारणं!"

मी नाशिकची, लग्न होऊन इथे आले. 'कै वैक्कादे', शब्दशः हात ठेवू नकोस, म्हणजे मारू नकोस, हे तमिळमध्ये मला भर बाजारातही कळतं. पण ती आई मराठी बोलत होती, म्हणून मी माझ्या मराठीत ऐकलं. बैठकीला नऊ दिवस झाले होते.

"दोघी जा. आत्ता," प्रशिक्षक म्हणाल्या.

आईच्या घरातला माराचा आवाज गल्लीतूनच ऐकू आला. दार उघडं होतं. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी, आणि आई करंडीनं, म्हणजे सांबाराच्या लोखंडी पळीनं, तिच्या पाठीवर हाणत होती. मुलगी रडतही नव्हती. मी मधे पडले. पळी माझ्या उजव्या मनगटावर बसली, हाड वाजलं. शिक्षिकाबाईंनी आईला मागून कवळ्यात धरलं. ती त्यांच्या दंडाला कडकडून चावली. रक्त आलं तरी त्यांनी सोडलं नाही.

"सोडा! तुम्हीच सांगितलं की, रोज ठेवा म्हणून! एक दिवस चुकवला नाही मी!"

"मारायला नव्हतं सांगितलं."

"मग काय सांगितलं?"

दाखवावं म्हणून मी डावा हात मुलीच्या डोक्याकडे नेला. तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि भिंतीत शिरेल अशी दबली. आईनं ते पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

मुलीच्या पाठीवर जुने वळ हिरवे, नवे लाल. दोन ठिकाणी कातडी फुटलेली. तिला दवाखान्यात नेलं. बालकल्याण समितीला माझ्या वाक्यासकट लेखी कळवलं. मुलगी सध्या ओरत्तनाडूला मावशीकडे असते. आईच्या बैठका आता प्रशिक्षक घेतात. परीक्षेचा अर्ज मी मागे घेतला. मनगटाचं प्लास्टर निघालं.

यादीत एकच काम उरलंय: ते नऊ दिवस तिला माझ्या सांगण्यावरून मार बसला, हे मुलीला सांगायचं. ओरत्तनाडूला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा ती शाळेत होती. दुसऱ्यांदा समोर बसली होती. मी तिला जेवलीस का एवढंच विचारलं आणि परतीची बस धरली.