नातीची सायकल आणि माहेरचे रोडगे

नात सायकलवरून पडली तेव्हा तिच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. कातडी तापलेली, डोळे उघडे, पण मी कोण ते तिला कळत नव्हतं. बोरगाव मंजूच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, दुपारचे दोन. जवळपास झाड नाही. मी मागच्या गाडीत पाण्याच्या कॅनांजवळ बसले होते. उतरले आणि एक कॅन सरळ तिच्या डोक्यावर ओतला.

हे माझ्यामुळे झालं होतं.

नात अमरावतीला कॉलेजात शिकते. कॅन्सरच्या संशोधनासाठी मदत गोळा करायला ती आणि आणखी आठ मुलं-मुली सायकलने मुंबईला निघाली होती. पहिला मुक्काम अकोला. मला तो रोग होऊन गेला आणि मी जिवंत आहे, म्हणून तिथवर मला सोबत घेतलं. गावोगाव खुर्चीवर बसवून लोकांना दाखवायला. मला त्याचा कंटाळा होता, तरी गेले, कारण नातीची आई, म्हणजे माझी सून, त्याच रोगाने गेली. माझी केमो चालू होती तेव्हा ती माझं सगळं करायची आणि स्वतःची गाठ लपवायची. आधी सासूचं होऊ दे, मग आपलं बघू, असं तिने ठरवलं होतं. नात तेव्हा नववीत होती.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच माझं माहेर आहे. नात आठ दिवसांपासून सांगत होती की वाटेत फक्त पाणी आणि केळी, ऊन चढायच्या आत अकोला गाठायचं. भाऊ जेवायला थांबा म्हणाला, आणि मी तिला न विचारता हो कळवून टाकलं. त्याने विहारासमोर मंडप टाकला आणि रोडग्यांचा बेत केला. आम्ही साडेआठला पोचलो तेव्हा गोवऱ्या नुकत्या पेटवल्या होत्या. निखारे झाल्याशिवाय कणकेचे गोळे त्यात घालता येत नाहीत, आणि ते घाईने भाजतही नाहीत.

नात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, आमाले निघू दे. ऊन लागन."

"भावाच्या दारातून तुमी उपाशी गेले तर मी तोंड कुठं दाखवू? खा अन् मंग जा."

शाली झाल्या, नारळ झाले, भाषणं झाली. भावजयीने प्रत्येकाच्या वरणात वाटीभर तूप ओतलं. सायकल चालवायला ताकद पाहिजे, असं तिचं म्हणणं. नातीने माझ्याकडे न बघता दोन रोडगे खाल्ले. निघालो तेव्हा साडेबारा झाले होते. भाऊ म्हणाला, ऊन उतरू द्या. पण अकोल्यात चारला कार्यक्रम होता, लोक जमणार होते.

नात पडल्यावर हायवेवर थांबलेला एकजण कांदा हुंगवायला सांगत होता. पोरांनी सत्काराच्या शाली भिजवल्या, पण त्या पाणी धरत नव्हत्या. मी पिशवीतलं सुती लुगडं काढलं, भिजवलं आणि तिला गुंडाळलं. गाडीत घालून अकोल्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईने विचारलं, एवढं जड जेवण देऊन भर उन्हात कोणी पाठवलं? मी म्हटलं, मी.

बाकीची मुलं दुसऱ्या दिवशी पुढे गेली. नातीला डॉक्टरीणबाईने जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, पेज प्याली, आणि म्हणाली, "रोडगे चांगले होते, आजी."

मी पेजेची वाटी विसळून ठेवली.

थोड्या वेळाने म्हणाली, "तुले कोणाले नाही म्हनता येत नाही ना?"

"नाही येत."

"आईलेही नव्हतं येत."

तिची सायकल भावाने नेऊन मंडपाच्या सोडलेल्या बांबूंशेजारी ठेवली आहे. परीक्षा झाल्यावर आणू म्हणते. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे, आणि मला गाडीत घेणार नाही असं तिने सांगितलं. बरोबर आहे तिचं.

आमच्या घरात आम्ही तिघी बाया होतो. मी वाचले, नात वाचली. सून वाचली नाही.