सगळ्यात आधी ताईला

ताई एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला फोन आणि समोर बोर्ड. एक लाइन बंद पडली की दुसरीकडून फिरवून ती माणसाला माणूस गाठून द्यायचीच. घरी आल्यावर तरी सुटका कुठली! तिला तीन भाऊ. थोरला, मधला, धाकटा. आईला कुणी सांभाळायचं यावरून असे भांडले की अकरा वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही. जो तो फोन करायचा तो ताईला.

"सांग त्याला, मी मेलो तरी माझ्या दारात पाऊल टाकू नको म्हणावं!" थोरला गरजायचा. ताई मधल्याला कळवायची, "दादा तुझ्या गुडघ्याची चौकशी करत होता हो." खोटं? शंभर टक्के खोटं. पण त्या खोट्यावरच ते घर तगलं होतं.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज कायमचा गेला. हातात पाटी-पेन्सिल आली. शुद्धीवर आल्या आल्या तिला एकच धास्ती, आता माझ्या भावांचं काय होणार?

काय होणार? काही नाही! इस्पितळात ताईजवळ कुणी बसायचं हे ठरवायला थोरल्याने नाइलाजाने मधल्याला फोन लावला, मधल्याने धाकट्याला. पहिल्या दिवशी नुसतं "हं" आणि "बरं". आठवड्याने धाकट्याने काहीतरी चावटपणा केला आणि थोरला चक्क हसला. कुणी बैठक बसवली नाही, कुणी मध्ये पडलं नाही. ज्याचं अडलं त्याने दुसऱ्याला विचारलं, एवढंच. ताईने ते डोळे भरून पाहिलं. आणि मेलं मनच ते, तिला वाईटही वाटलं. माझ्यावाचून कुणाचंच अडलं नाही? घरी आली तर फोन गप्प. बोलता न येणाऱ्या बाईला फोन कोण करणार म्हणा!

एका सकाळी पाववाला दारात घुटमळला. तो धाकट्याच्या गल्लीतही पाव टाकायचा. "ताई, तुमच्या भावाचं फार वाईट झालं हो. काल..." ताई अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली.

धाकटा जाण्याआधी चार दिवस अंथरुणाला होता. सगळे येऊन भेटून गेले होते. थोरल्याला वाटलं, मधल्याने ताईला सांगितलं असेल. मधल्याला वाटलं, थोरल्याने. आणि घरातली बातमी ताईला कळली नाही, असं आजवर कधी झालं होतं का?

ती दारात दिसताच धाकट्याची बायको म्हणाली, "चार दिवस दाराकडे डोळे लावून होते हो. 'ताई येईल, तिला कळलंच असेल,' म्हणत होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

मधला थोरल्याकडे वळला. "तू सांगणार होतास ना?"

"मी? तिच्या घराजवळ तू राहतोस! लाज नाही वाटत?"

आवाज चढले. आईच्या वेळी असेच चढले होते. ताईने पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, "मला कळलं होतं. माझंच यायचं राहिलं."

दोघांनी पाटी वाचली. थोरल्याने मधल्याच्या पाठीवर हात ठेवला.

धाकट्याच्या बायकोने पाटी दोनदा वाचली. "कळलं होतं?" एवढंच म्हणून ती ताईसमोरून उठून आत गेली. ती पुन्हा कधी ताईशी बोलली नाही.