अकराव्या मजल्यावरची बंदी

सिंगापूर हे जगातलं सगळ्यात शिस्तीचं शहर आहे असं जे म्हणतात, त्यांनी सेम्बावांगमधल्या आमच्या ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावरच्या काकू पाहिलेल्या नाहीत. काका जहाजावर चीफ इंजिनिअर. ते महिनोन्महिने समुद्रावर असताना काकूंना टीव्हीवर ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग सापडली, आणि हळूहळू त्या खेळापेक्षा त्यातल्या शिक्षांमध्येच जास्त रमल्या. कोणी कुणाला मानेच्या वर पकडलं, तो गुन्हा कितव्या श्रेणीचा, लगेच कबूल केला तर बंदी किती सामन्यांनी घटते, हे त्यांना चातुर्मासातल्या उपासांइतकं पाठ होतं. पुढे तीच कलमं त्यांनी घराला लावली. ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आल्यास ताकीद. रविवारच्या जेवणाला उशीर केल्यास पुढच्या रविवारची बंदी. निवृत्त होऊन घरी आलेल्या काकांनी पहिल्याच महिन्यात दोन गुन्हे बिनतक्रार कबूल केले.

मी एकटा राहणारा, दर रविवारी त्यांच्याकडे जेवणारा. एकदा ऑफिसच्या कामात अडकून पाऊण तास उशिरा पोचलो आणि बंदी ओढवून घेतली. पुढचा रविवार नेमका माझ्या वाढदिवसाचा निघाला. काकांनी रदबदली करून पाहिली, पण वाढदिवस बघून सूट दिली तर उद्या प्रत्येकाचा वाढदिवस निघेल, असं काकूंचं म्हणणं. त्या रविवारी दुपारी माझं दार वाजलं. काकू स्वतः डबा घेऊन उभ्या, आत पुरणपोळी आणि कटाची आमटी. मी चाचरत बंदीचं विचारलं.

"बंदी टेबलावर आहे, पोटावर नाही," त्या म्हणाल्या आणि लिफ्टकडे वळल्या.

गेल्या वर्षी मात्र त्यांची खरी परीक्षा झाली. त्यांचा लाडका खेळाडू पंधरा वर्षं एकाच संघातून खेळून निवृत्त होणार होता. उपांत्य सामन्यात त्याचा खांदा समोरच्याच्या डोक्यावर बसला आणि एका सामन्याची बंदी आली, म्हणजे नेमकी अंतिम सामन्याची. टीव्हीवरचे जाणकार दया मागत होते. आम्हीही म्हटलं, काकू, बिचाऱ्याचा पहिलाच गुन्हा आहे. काकूंनी ती धडक पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मग टीव्ही बंद करून म्हणाल्या, "ज्याला लागलं, त्याचंही डोकं पहिल्यांदाच फुटलं असेल."

अंतिम सामन्याला आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये जमलो, पण काकूंची खुर्ची रिकामी. आत डोकावलो तर त्या हॉलकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. सामना सुरू झालाय, असं सांगितलं.

"तो बाहेर बसलाय ना, मग मीही बाहेर."

मी एक जुडी ओढून शेजारी बसलो. हॉलमधून काकांच्या आरोळ्या येत होत्या; संघ जिंकत होता, आणि काकूंच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मग पानं खुडता खुडता त्यांनी हळूच विचारलं,

"त्याच्याजवळ कोणी बसलं असेल का रे आत्ता?"

असेल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.