चार महिन्यांच्या गोळ्या

वच्छलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टोअरमध्ये सलाईनचे खोके मोजत होतो. मे महिन्याचा दुसरा आठवडा. आमच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, आपल्या बाई गेल्या जी… सकाळी छातीत दुखून राह्यलं म्हणे, अंगणात बसल्या, तालुक्याले नेता नेता सारं संपलं." मी त्याला आधी एक शिवी हासडली. काय बोलतो म्हणून खडसावलं. त्या बिचाऱ्याने तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा मला खरं काय ते कळलं. मग मी खोक्यावर बसलो आणि रडलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस सलाईनच्या खोक्यावर बसून रडत होता, आणि बाहेर पेशंट खोकल्याच्या औषधासाठी खिडकी वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात शोकसभा झाली. फळ्यावर कोणीतरी सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'शांत, मनमिळाऊ आणि सर्वांशी जुळवून घेणाऱ्या'. मी डस्टर उचललं होतं, पण डॉक्टर साहेबांनी हात धरला. आता इथे कोणी हात धरायला नाही, म्हणून सांगतो. बाई शांत नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. चौदा वर्षांत त्या माझ्याशी किती वेळा भांडल्या याची गणती नाही, आणि दर वेळी बाजू त्यांचीच खरी होती. बाई गेल्यावर त्यांना मऊ करून टाकायचं, हार घालायचा आणि त्यांचं म्हणणंही हाराखाली झाकून टाकायचं, हे मला चालणार नाही.

वच्छलाबाई आमच्या नर्सबाई. गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या जंगलात एक नदी आहे, तिच्या पलीकडच्या गावांसाठी एक उपकेंद्र आहे, तिथे त्या होत्या. माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलकडचं, बौद्ध कुटुंबातलं. घरातली पहिली शिकलेली मुलगी. पलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावांत जाऊन त्या खणखणीत 'जयभीम' म्हणायच्या आणि समोरून तितकाच खणखणीत 'जोहार' यायचा. मी ब्रह्मपुरीकडचा. बदली होऊन इथे आलो तेव्हा महिनाभर तोंड पाडूनच बसलो होतो. औषधनिर्माता म्हणून स्टोअरची किल्ली माझ्या हाती आली, आणि पहिल्याच आठवड्यात नायलॉनची पिशवी घेऊन या बाई दारात उभ्या.

"भाऊ, बीपीच्या गोळ्या पायजेत."

"तुमच्याकडे रुग्ण किती नोंदवले आहेत?"

"चार."

"मग चार जणांच्या घेऊन जा."

"मोजलेच नाई तं नोंदतीन कुठून? तुमी मशीन द्या, मी मोजतो. मंग पाहा."

त्या काळी आमच्याकडे सगळ्यांचा समज पक्का होता की बीपी हा शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्या, तूप खाणाऱ्या लोकांचा रोग. जंगलातला माणूस कोसभर चालतो, मोह वेचतो, त्याला कुठला बीपी! मी तसं बोललोही. बाईंनी कमरेवर हात ठेवले. "असं का? मंग मागच्या साली लकवा मारून जे खाटेवर पडले ते का नागपूरचे होते का जी?" मशीन घेऊनच त्या गेल्या.

आठवडी बाजारात त्यांनी बस्तान मांडलं. चिंचेखाली, एका बाजूला मिरचीवाली, दुसऱ्या बाजूला सुकी मासोळी विकणारी, आणि मध्ये टेबल टाकून बाई. तिशी ओलांडलेला जो दिसेल त्याच्या हाताला पट्टा. दुखत असो नसो. लोक हसायचे. मिरचीवाली म्हणायची, "बाई, माह्या गिऱ्हाइकाले भेव घालू नका." मासोळीवालीशी तर दर आठवड्याला वाजायचं, कारण पट्टा सोडता सोडता बाई प्रत्येकाला सांगायच्या की मीठ कमी करा, सुकी मासोळी धुऊन घ्या. बाजारात मी भाजी घ्यायला गेलो तर मलाही बसवलं. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. "थुका अगोदर." थुंकलो. बीपी चढलेला निघाला. खर्रा मात्र माझा अजून सुटला नाही, दिवसातून एक लागतोच, खोटं कशाला सांगू. बाईंना मी 'सोडला' म्हणून सांगायचो आणि त्या माझे दात पाहून 'हो का!' म्हणायच्या.

एकदा मी चिडून विचारलं, "बाई, ज्यांना काही होत नाही त्यांच्या मागे कशाला लागता? जो आजारी पडेल त्याला आपण पाहू ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरगाच. "गावची विहीर साफ करतो तं तहान कोणाले लागली ते इचारून करतो काय? एकट्याचा बीपी उतरवून का होते, भाऊ? गावचा उतराले पायजे." तेव्हा मला ते बोलणं ऐटीचं वाटलं होतं. मोठमोठ्या सभांत साहेब लोक पडद्यावर चित्रं दाखवून जे तासभर सांगतात, ते बाईंनी मासोळीवालीच्या शेजारी उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं होतं, हे कळायला मला वर्षं लागली.

खरं भांडण पावसाळ्याचं. आमची नदी भरली की पलीकडची गावं चार महिने तुटतात. पूल नाही. म्हणून मृगाच्या आधी सरकार त्या गावांना चार महिन्यांचं रेशन एकदम पोचवतं. ट्रॅक्टर भरभरून तांदूळ जातो, मीठ जातं. बीपीची गोळी मात्र एका वेळी तीस दिवसांची. नियमच तसा. मी नियमाचा माणूस. बाई दर जूनमध्ये यायच्या, चार महिन्यांच्या मागायच्या, आणि दर जूनमध्ये मी तीस-तीस मोजून द्यायचो. "नदी भरल्यावर काय करायचं ते सांगा," म्हणायच्या. मी म्हणायचो, "ते वरून ठरतं." त्या एकदा जाता जाता बोलल्या, "तुमचा महिना कधी सरत नाई, भाऊ. स्टोअरची किल्ली तुमच्याच खिशात हाये." तेव्हा माझ्याही गोळ्या सुरू होत्या. मला राग आला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी नदी उतरली आणि उपकेंद्राचा साठा तपासायला मी डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, पलीकडे गेलो. बाई म्हणाल्या, चला, कोमटीदादाकडे जाऊन येऊ, त्याची तब्येत पाहायची आहे. कोमटीदादा म्हणजे बाजारात बाईंच्या टेबलाशी सगळ्यात आधी बसलेला म्हातारा. त्यालाच पाहून बाकीचे बसले होते. गेलो तर खाटेवर. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेलेला. बाईंना पाहून त्याचे डोळे मात्र हसले. त्याने बायकोला खूण केली. तिने छपराच्या वाशाला बांधलेलं एक फडकं सोडून आणलं. आत गोळ्यांची पट्टी. दादाने डाव्या हाताने ती बाईंपुढे धरली आणि जड जिभेने म्हणाला, "बाई… उरवलो."

दोन गोळ्या उरल्या होत्या. बायको कौतुकाने सांगत होती, नदी उतरेपर्यंत पुरवायला पाहिजे ना, म्हणून चार दिवसांनी एक, चार दिवसांनी एक. मी डोक्यात हिशेब केला: तीस गोळ्या, एकशेवीस दिवस. हिशेब अगदी बरोबर होता. चार महिने काढायचे म्हटलं की या घरांत तांदूळ पुरवतात, मीठ पुरवतात, काडेपेटीतल्या काड्या पुरवतात. गोळीही पुरवली. तो म्हातारा शाबासकीची वाट पाहत होता.

भांडखोर बाई त्या दिवशी भांडल्या नाहीत. त्याचा तो मेलेला हात हातात घेऊन बसून राहिल्या. नाडी पाहिली, पट्टा बांधला, बायकोला रोज एक कशी द्यायची ते तीनदा सांगितलं. मला सोडायला त्या डोंग्यातून अलीकडे आल्या. काठाला लागल्यावर चप्पल हातात घेऊन चिखलातून चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी नियम पाळला. त्यानंबी इमानानं पाळला. मंग चुकलं कोण?"

उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या. साहेब, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, त्या वेळचे, आता इथे नाहीत. बाईंनी विचारलं, "तांदूळ चार महिन्यांचा देता, मंग गोळी एकाच महिन्याची काऊन?" साहेबांनी कारणं सांगितली. कारणं अगदीच खोटी नव्हती. लेकरांच्या हाती लागतील, एकदम जास्त खातील, दर महिन्याला तपासायला हवं. बाई तयारीने आल्या होत्या. म्हणाल्या, गावोगावच्या आशाताईंना मशीन चालवायला शिकवलं आहे, गोळ्या झाकणाच्या डब्यात घालून आशाताईच्या घरी राहतील, आठवड्याच्या आठवड्याला वाटल्या जातील, कोणाला चक्कर आली तर काय करायचं तेही शिकवलं आहे. साहेब वैतागले. "बाई, तुम्ही नर्स आहात. धोरण ठरवणं तुमचं काम नाही."

"मंग ज्याचं काम हाये त्यानं करा ना जी! मी कुठी अडवलं?"

सगळी बैठक खाली मान घालून हसली. मीही हसलो, आणि मग साहेबांनी माझ्याकडे पाहून 'नियम काय म्हणतो?' असं विचारल्यावर मीच उठून नियम वाचून दाखवला. हे मी कोणाला आजवर सांगितलं नाही. बाईंना सांगायची गरज नव्हती, त्या समोरच बसल्या होत्या.

बाई तिथून सरळ नदीपलीकडे गेल्या. महिन्याभरात तिकडच्या ग्रामसभांनी एकामागून एक ठराव केले: तांदळासोबत गोळी आली पाहिजे, नाहीतर तांदळाचा ट्रॅक्टरही गावात घेणार नाही. त्या ठरावांवर अंगठे होते, सह्या होत्या, आणि पहिलाच अंगठा कोमटीदादाचा, डाव्या हाताचा. ट्रॅक्टर अडणार म्हटल्यावर वर हालचाल झाली. साहेबांनी तोंडी सांगितलं, ठीक आहे, पण या वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा या वर्षापुरतं. असं दर वर्षी. कागद कोणी केला नाही. आशाताईंनी डबे इमानाने सांभाळले. त्यानंतर पलीकडे कोणाला लकवा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. झाला. माणसं हृदयविकारानेही गेली. पण गोळी पुरवून पुरवून खाल्ली म्हणून खाटेवर पडला, असं एकही घर मला पुन्हा पाहायला मिळालं नाही.

बाई मात्र खूश नव्हत्या. कोणी कौतुक केलं की चिडायच्या. "माह्या जिवावर चालते ते का काम झालं का? उद्या मी नाई राह्यली तं?" आम्ही म्हणायचो, बाई, असं बोलू नका. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती. त्याच्या आत लेखी आदेश काढून घ्यायचा, एवढं एकच त्यांनी धरलं होतं. तो निघाला नाही. बाई आधी निघून गेल्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. शोकसभेच्या दिवशीच चहा पिता पिता एकजण म्हणाला, "जन्मभर लोकांचा बीपी मोजला, अन् स्वतः हार्टनंच गेली. काय उपयोग झाला?" दुसऱ्याने मान डोलावली. आणि आठ दिवसांत हेच बोलणं कार्यालयात पोचलं. त्या बाईंची ती खास व्यवस्था होती, जबाबदारी त्यांची होती, आता कोण घेणार, म्हणून यंदा नियमाप्रमाणे तीस दिवसांच्याच गोळ्या द्या, असा निरोप आला.

काय उपयोग झाला? अरे बाप्पा, धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दर साली नीट केला तरी एखाद्या साली एखादी बांधी फुटतेच. म्हणून कोणी धुरा बांधणं सोडतं काय? बाई रोज गोळी घेत होत्या, मीठ कमी खात होत्या, तरी त्यांचं हृदय थांबलं. एकटीचं थांबलं. त्यांनी हमी कधीच दिली नव्हती. त्या म्हणत होत्या की शंभर घरांत पाच तरी चुली जास्त पेटत्या राहतील. कोणाच्या, ते सांगता येणार नाही. ज्या चुली पेटत्या राहिल्या त्यांना ठाऊकही नाही की आपण वाचलो, म्हणून शोकसभेत उठून बोलायला त्यांच्यातलं कोणी आलं नाही. पण म्हणून बाईंचं मरण त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभं करणार? मी ते होऊ देणार नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रेशनचे ट्रॅक्टर लागले. आदल्या दिवशी मी उपकेंद्रात गेलो होतो. बाईंची खोली आशाताईंनी झाडून ठेवली होती. खुर्चीच्या पाठीला त्यांची पांढरी साडी वाळत घातल्यासारखी टाकलेली, कोणी उचलली नव्हती. आशाताई म्हणाल्या, "भाऊ, डबे धुऊन वाळवले जी. सारे तयार हायत." त्यांनी मला गोळ्या येणार का म्हणून विचारलं नाही. येणारच, असं धरूनच डबे धुतले होते.

मी परत आलो, स्टोअर उघडलं आणि पलीकडच्या प्रत्येक नोंदवलेल्या रुग्णाच्या चार महिन्यांच्या गोळ्या काढल्या. जबाबदारी कोणाची, या रकान्यात माझं नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत नियम मोडून केलेली ही माझी पहिली सही. तांदळाच्या पोत्यांवर डबे बांधले आणि ट्रॅक्टर नदीपार जाईपर्यंत काठावर उभा राहिलो.

खुलासा मागणारी नोटीस गेल्या सोमवारी आली. सात दिवसांत उत्तर द्या, आणि वाटलेला जादा साठा तात्काळ परत जमा करा, असं त्यात आहे. उत्तर म्हणून हा लेखच जोडणार आहे, म्हणजे नव्या साहेबांना बाई कोण होत्या तेही कळेल. राहिला साठा. परवा रात्रीपासून वर डोंगरात पाऊस लागला आहे, आणि आज सकाळी नदी दोन्ही काठ भरून वाहते आहे. डोंगा वर ओढून झाडाला बांधला आहे. गोळ्या परत हव्याच असतील, तर साहेबांनी खुशाल पोहत जावं.