हो, म्हणजे नाही

जेवण करून वर्कशॉपमध्ये आलो तर टेबल रिकामं. दुरुस्तीला आलेला बोर्ड नाही, बूटही नाहीत. दुकानाचा मालक कीथ काउंटरवर कॉफी पीत बसला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "हेलन घेऊन गेली, मेट. तूच येस म्हणालास ना?"

येस मी म्हणालो होतो, हे खरं. पण बूट द्यायचे नाहीत म्हणून.

मी ऑस्ट्रेलियातल्या जिंडाबाइनला स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर उभ्याने घसरायच्या फळ्या, दुरुस्त करतो. हिवाळ्यापुरतं काम. पुण्यात मेकॅनिकल केलं, मग वॉलाँगाँगला शिकायला आलो आणि इथलाच झालो. बायको आणि मुलगी आर्या सिडनीला क्वेकर्स हिलमध्ये, मी इथे भाड्याच्या खोलीत. दिवसभरात कोणी कसा आहेस विचारतं, मी बरा आहे म्हणतो, संपलं संभाषण. मराठी फक्त स्वतःशी, तीही एखादा स्क्रू घरंगळून कपाटाखाली गेला की.

बहुतेक लोक मऊ बूट घालतात आणि पट्ट्यांनी पाय बोर्डला बांधतात. हेलन आमचं गिऱ्हाईक, आणि तिचे बूट हार्ड, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे. त्यांना स्टेप-इन बाइंडिंग, म्हणजे पाय दाबला की बूट बोर्डला अडकवणारी जोडणी, लागतं. पंजा तारेच्या कडीखाली सरकवायचा आणि टाच दाबायची. टाचेच्या दोन्ही बाजूंनी एकेक पिन बाहेर येते आणि बोर्डवरच्या खाचेत बसते. टक, टक. सोडवायचं तर पोटरीजवळची दोरी ओढायची. वाकायला नको, बर्फात बसायला नको. सोय झकास आहे, पण दोन्ही पिना बसल्याच पाहिजेत. एकीवर नुसतं उभं राहता येतं. वेगात वळताना ती सुटली तर एक पाय मोकळा आणि दुसरा बोर्डला घट्ट. पुढे गुडघ्याचं काय होतं ते डॉक्टरांना विचारा.

हेलनच्या डाव्या बुटाची एक पिन कधी यायची, कधी आतच बसायची. स्प्रिंग गेली होती.

सकाळी कीथने दारातूनच विचारलं होतं, "सो, लेफ्ट वन इज नॉट गुड टू गो?" मी ड्रिलवरून मान वर न करता म्हणालो, "येस." आपल्याकडे हे उत्तर चोख आहे. डावा द्यायचा नाही ना? हो, नाही द्यायचा. इंग्रजीत अशा प्रश्नाला येस म्हटलं की उलटा अर्थ होतो. द्यायचा नसेल तर नो म्हणावं लागतं. इतकी वर्षं इथे काढली, तरी माझा होकार मराठीच राहिला होता.

हेलनला फोन लावला. डोंगरावर रेंज नव्हती. बचाव पथकाला कळवलं, ते म्हणाले लक्ष ठेवतो. कीथ म्हणाला, "शी'ल बी राइट," म्हणजे इथल्या भाषेत, होईल सगळं ठीक. मला त्याचा असा राग आला की बोलण्यापेक्षा मी गाडीच काढली.

लोकांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी उभा राहिलो. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते. सगळीकडे लोक एकमेकांना हाका मारत होते. साध्या बुटांत मी एकटाच. घाबरलो होतो, सरळ सांगतो. हेलन साठीची, निवृत्त शिक्षिका, एकटी यायची आणि एकटीच जायची, एवढंच मला माहीत. काही झालंच तर कळवायचं कोणाला, हेही ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती उतरताना दिसली. लांबलचक, सुरेख वळणं घेत येत होती. मी दोन्ही हात वर करून ओरडलो. ती थांबली.

"डावा बूट बरोबर नाहीये," मी म्हणालो.

"पण तू येस म्हणालास असं कीथ म्हणाला."

मी येसचा सगळा घोळ सांगितला. तिने दोरी ओढली, टाच सोडवली आणि परत दाबली. टक. एकदाच.

"मघापासून मला एकच ऐकू येतंय," ती म्हणाली. "वाटलं, माझे कान गेले. असले बूट इथे दुसऱ्या कोणाकडे नाहीत, विचारणार कोणाला? आणि तू येस म्हणाला होतास."

तिचा बोर्ड मी गाडीपर्यंत उचलून नेला. बुटाची पिना-स्प्रिंगसकट नवी टाच परदेशातून येईपर्यंत सीझन जवळजवळ संपला. हेलन एका शब्दाने रागावली नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी नुसतं येस किंवा नो म्हणत नाही. पूर्ण वाक्यात उत्तर देतो. कीथला हसू येतं, येऊ दे.

त्याच आठवड्यात आर्याचा फोन आला. शनिवारी तिचा वाढदिवस होता, आणि सीझनमध्ये शनिवारी दुकान सोडता येत नाही.

"बाबा, यू आर नॉट कमिंग?"

येस अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"नो, आय ॲम नॉट कमिंग."

ती म्हणाली, "ओके. नो वरीज."

या वेळी माझं उत्तर तिला बरोबर कळलं होतं.